खोरमक्सर वायुसेना तळ

खोरमक्सर हा एडन (सध्याचे येमेन) येथील ब्रिटिश शाही वायुसेनेचा, म्हणजे रॉयल एअर फोर्सचा, तळ होता. तो १९१७ मध्ये स्थापन झाला आणि २९ नोव्हेंबर १९६७ रोजी बंद करण्यात आला. १९६० च्या दशकात हॉकर हंटर जातीच्या जेट विमानांची पथके येथे होती. त्या काळात हा तळ शाही वायुसेनेच्या अत्यंत वर्दळीच्या तळांपैकी एक होता.

स्थान व पार्श्वभूमी

एडन शहराचा जुना भाग एका मृत ज्वालामुखीच्या विवरात वसलेला आहे. हा डोंगराळ भाग एका चिंचोळ्या, सपाट संयोगभूमीने मुख्य भूमीशी जोडला गेला असून खोरमक्सरची धावपट्टी याच संयोगभूमीवर आहे. उत्तरेकडे वाळवंटी पट्टा व त्यापलीकडे उंच, उघडेबोडके डोंगर पसरले आहेत.

ब्रिटिशांनी १८३९ मध्ये एडन घेतल्यानंतर १९३२ पर्यंत तेथील कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना एडनच्याच तुरुंगात ठेवले होते व १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे तेथे निधन झाले. १९३७ मध्ये एडन ब्रिटिश हिंदुस्थानापासून वेगळे करून स्वतंत्र वसाहत बनवण्यात आले.

हवाई नियंत्रण

१९२८ पासून एडनच्या संरक्षणाची जबाबदारी वायुसेनेकडे आली. पायदळाच्या मोहिमांपेक्षा थोड्या विमानांच्या बळावर डोंगरी टोळ्यांवर वचक ठेवणे कमी खर्चाचे आहे, हा त्यामागील विचार होता. या पद्धतीत प्रथम पत्रके टाकून इशारा देत आणि मुदत संपल्यावर घरे किंवा गढ्या उद्ध्वस्त करीत. मनुष्यहानी टाळली जाते, असे समर्थक म्हणत. मात्र घर पडल्यावर शिक्षा एका बंडखोराला न होता संपूर्ण कुटुंबाला होत असे, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप होता.

जेट पथके

दुसऱ्या महायुद्धानंतर येथे व्हॅम्पायर व नंतर व्हेनम ही जेट विमाने आली. व्हेनमच्या जागी कोणते विमान घ्यावे हे ठरवण्यासाठी १९५८ मध्ये एडनच्या उष्ण हवेत हंटर, नॅट आणि जेट प्रोव्होस्ट यांच्या चाचण्या झाल्या व हंटरची निवड झाली. यांपैकी हंटर व नॅट ही दोन्ही विमाने भारतीय वायुसेनेनेही वापरली.

क्रमांक ८ च्या पथकाला १९६० मध्ये हंटर मिळाली. पुढील वर्षी क्रमांक २०८ चे आणि १९६३ मध्ये क्रमांक ४३ चे पथक दाखल झाले. हंटरवर ३० मिमीच्या चार तोफा व रॉकेट बसवलेली असत. या तोफांचे ‘एडन’ हे नाव शहरावरून आलेले नाही. ते इंग्लंडमधील शस्त्रनिर्मिती संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून बनले आहे. याच धावपट्टीवरून शॅकल्टन, बेव्हर्ली व आर्गोसी ही मोठी विमाने, हेलिकॉप्टरे आणि नागरी विमानेही ये-जा करीत.

उड्डाण व दैनंदिन जीवन

उन्हाळ्यातील तीव्र उष्मा आणि समुद्रामुळे असणारी दमट हवा यांनुसार तळाची दिनचर्या ठरत असे. काम पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत आटोपे. उन्हात उभ्या विमानाचा पत्रा उघड्या हाताने धरवत नसे. तापलेली हवा विरळ असल्याने इंजिनाचा जोर व पंखांची उचल दोन्ही घटतात; त्यामुळे भरलेल्या विमानाला उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. वाळूच्या कणांनी इंजिनाची पाती झिजतात. विमाने उड्डाणक्षम ठेवण्याचा मोठा भार त्यामुळे जमिनीवरील तंत्रज्ञांवर पडे.

वैमानिकांना अरुंद दऱ्यांमधून अत्यंत कमी उंचीवर उडावे लागे. डोंगराच्या रंगाचीच दगडी घरे व कड्यांआड दडलेली माणसे वेगवान जेटमधून ओळखणे कठीण असे. म्हणून पायदळासोबतचे हवाई नियंत्रक रेडिओवरून लक्ष्य दाखवीत. वैमानिकाजवळ अरबी मजकुराचे एक पत्र असे. त्याला सुखरूप परत आणणाऱ्यास बक्षीस देण्याचे वचन त्यात लिहिलेले असे.

अनेक सैनिकांची कुटुंबे मआला भागातील इमारतींत राहत. दुपारनंतरचा वेळ शार्कपासून संरक्षणासाठी जाळी लावलेल्या किनाऱ्यांवर पोहण्यात जाई.

हारिब व रदफान

१४ ऑक्टोबर १९६३ रोजी रदफानच्या डोंगराळ भागात ब्रिटिशांविरुद्ध उठाव सुरू झाला. १० डिसेंबरला खोरमक्सरच्या नागरी विमानतळावर ब्रिटिश उच्चायुक्तांवर हातबाँब फेकण्यात आला व आणीबाणी जाहीर झाली.

२८ मार्च १९६४ रोजी हंटर विमानांनी सीमेपलीकडील येमेनच्या हद्दीतील हारिब किल्ल्यावर हल्ला केला. त्यापूर्वी इशाऱ्याची पत्रके टाकली होती. तरीही ९ एप्रिल रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८८ द्वारे या कारवाईबद्दल खेद व्यक्त केला व प्रतिशोधात्मक हल्ल्यांचा निषेध केला. ठरावाच्या बाजूने नऊ मते पडली. ब्रिटन व अमेरिका तटस्थ राहिले. त्यानंतरच्या रदफान मोहिमेत हंटर पथकांनी पायदळाला सातत्याने साहाय्य केले. जून १९६४ मध्ये हुरिया डोंगर ताब्यात आला, परंतु उठाव शमला नाही.

माघार

पुढे संघर्ष डोंगरांतून शहरात आला, तेथे जेट विमानांचा उपयोग फारच मर्यादित होता. डिसेंबर १९६४ मध्ये तळावरील मुलांच्या मेजवानीत हातबाँब टाकण्यात आला व एका मुलीचा मृत्यू झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात सैनिकांच्या कुटुंबांना परत पाठवण्यात आले. क्रमांक ८ चे पथक ओमानमधील मसिरा येथे गेले आणि क्रमांक ४३ चे पथक विसर्जित झाले. अखेरच्या दिवसांत उरलेल्या सैन्याची मोठ्या प्रमाणावर हवाई वाहतूक झाली. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी दक्षिण येमेन स्वतंत्र झाला.

सद्यस्थिती

आज या जागी एडन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. येमेनमधील यादवी युद्धात त्याला वारंवार झळ पोहोचली आहे. ३० डिसेंबर २०२० रोजी नव्या मंत्रिमंडळाचे विमान उतरताच येथे झालेल्या हल्ल्यात वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.