बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह (पीसीओएस)

प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा संप्रेरक-असंतुलनाचा विकार. शिकागोचे स्टाइन व लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुष्कळ जणींचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. रक्तात ते वाढते, अंडाशयातून पुरुषी संप्रेरके जास्त स्रवतात, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. मानेवर काळपट, मखमली पट्टा उमटतो. मळ समजून मुलींना तो घासघासून धुवायला लावतात, हे फार वाईट. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के उतरले तरी अनेकींची पाळी नियमित होऊ लागते. म्हणून रोजचे भरभर चालणे, साखर-मैद्याला आवर व पुरेशी झोप हा उपचाराचा पाया. सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो. महिनोन्महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते; तेव्हा औषध टाळू नये.