‘हरित’ द्रावक : एका विशेषणाची कसोटी

संज्ञा कित्येकदा वस्तूच्या पुढे धावते; आयनी द्रवांना लाभलेले ‘हरित द्रावक’ हे नाव याचे उदाहरण होय. १२ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या एथिल अमोनियम नायट्रेट या लवणाचे वर्णन पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये केले. हवा व पाणी यांत टिकणारे आयनी द्रव १९९२ मध्ये सिद्ध झाल्यावर त्यांचा प्रसार वाढला. ते सहसा उडून जात नाहीत, म्हणून ‘हरित’ ठरले. परंतु हाच गुण पुनःप्राप्तीच्या आड आला. बेंझीन ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येते. येथे मात्र न उडणारी अशुद्धी द्रवातच साचत राहते.

जर्मनीतील बीएएसएफच्या ‘बासिल’ प्रक्रियेने २००२ च्या सुमारास निराळा मार्ग दाखविला. तीत मेथिल इमिडाझोल हे क्षारक विक्रियेत निघणारे अम्ल बांधून घेते; त्यातून बनलेले लवण सुमारे ७५ अंशांना वितळून वेगळा थर धरते, आणि दाहक सोड्याने क्षारक मोकळे करून पुन्हा वापरता येते. काही आयनी द्रवांचे प्रत्यक्ष ऊर्ध्वपातन २००६ मध्ये साधले. तेही अत्यल्प दाबाखाली, उच्च तापमानात.

सारांश, ‘हरित’ हे विशेषण पदार्थाला जन्मतः लाभत नाही. परत मिळून पुन्हा कामी येण्याने ते त्याला मिळवावे लागते.