अलमारीची किल्ली कोणाकडे?

 आपल्या या मालिकेत आजवर राजे झाले, लढाया झाल्या, घाट आणि देवळंही झाली. आज शाळेत जाऊ या. शाळा साधी, सरकारी, पहिली ते आठवीची. गेल्या पन्नास वर्षांत तिथे रेडिओ आला, टीव्ही आला, विज्ञानाचं किट आलं, कॉम्प्युटर आला. आता भिंतीवर स्मार्ट टीव्ही आणि गुरुजींच्या हातात टॅबलेट आहे. प्रत्येक वस्तू आली तेव्हा आता शिक्षण पालटणार असं मोठ्या आवाजात सांगितलं गेलं. त्यातलं खरोखर वापरलं काय गेलं आणि काय धूळ खात पडलं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

मी जबलपूरची. मराठी माणसाचं या गावाशी नातं जुनं. १७८१ साली गढा-मंडल्याचं राज्य सागरच्या मराठ्यांकडे आलं, १७९८ पासून नर्मदाखोरं नागपूरकर भोसल्यांकडे होतं, १८१७ साली इंग्रज आले. पुढे मध्य प्रांतात नागपूर-वऱ्हाडकडचे शिक्षक एल.टी. करायला इथल्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात येत. कुणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत ते प्रमाणपत्र अजून असेलही. अशी शंभर-दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारात काढल्यामुळे आमची मराठी जरा मिसळलेली आहे. कपाटाला आम्ही सर्रास अलमारी म्हणतो. आज हा शब्द वारंवार येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर सुरुवात धूळपाटीपासून. यंत्र म्हटलं की आपल्याला वीज आठवते, पण वर्गातलं जुनं तंत्रज्ञान म्हणजे लाकडाची फळी आणि तिच्यावर पसरलेली बारीक धूळ. बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. 'धुळाक्षरं' हा शब्द तिथलाच. गंमत अशी की ही रीत आपल्याकडून इंग्लंडला गेली. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. मलबारी मुलं वाळूत बोटाने लिहिताना त्याने पाहिली आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही रीतही त्याने चालवली. १७९७ मध्ये त्याचं पुस्तक लंडनला छापलं गेलं आणि पुढे तिकडच्या गरीब मुलांच्या शाळांत वाळूचे ट्रे दिसू लागले.

धूळपाटीत एक गुण होता, तो नजरेआड करू नका. धूळ कुठल्या नोंदवहीत चढवावी लागत नाही. सांडली म्हणून कुणाच्या पगारातून काही कापलं जात नाही. पोराने सांडली, गुरुजींनी दुसरी मूठ टाकली, संपलं.

आता थेट १९७५. तारीख १ ऑगस्ट. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ नावाचा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला आणि आपल्या इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला. या प्रयोगाचं नाव 'साइट'. मध्य प्रदेशातली खेडी होती रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागातली, म्हणजे आजचं छत्तीसगड. छपरावर किंवा अंगणात कोंबड्यांच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री, आणि आत शाळेच्या खोलीत टीव्ही. ज्या गावात वीज नाही तिथे बॅटरीवर. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी शेती, आरोग्य आणि करमणूक, आणि सकाळी पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एकेका भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम. मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईच्या स्टुडिओत तयार झाले. त्यामागे प्रा. यशपाल होते. चांगले कार्यक्रम होते ते. पोकळ उपदेश नव्हता.

या प्रयोगाकडे मी फार आदराने पाहते. टीव्ही बिघडला तर दुरुस्तीला माणूस पोचेल अशी व्यवस्था इस्रोने आधीच लावून ठेवली होती. नंतरच्या कितीतरी सरकारी योजनांना ही अक्कल आली नाही. शिवाय बारा-बारा दिवसांची दोन शिबिरं घेऊन सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना टीव्हीच्या मदतीने विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. टीव्हीवरचा पाठ पाहायचा आणि मग गटात बसून हाताने करून बघायचा, असं ते होतं. माझ्या मते साइटचं सर्वांत मोठं काम हेच.

पण मुलांच्या कार्यक्रमाचं काय झालं? अभ्यासकांनी नंतर पाहिलं तेव्हा मुलांची भाषा थोडी सुधारली होती, बाहेरच्या जगाबद्दल कुतूहल वाढलं होतं. शाळेतली हजेरी आणि गळती मात्र जवळपास होती तिथेच राहिली. यात नवल काही नाही. साडेबावीस मिनिटं संपली की मूल पुन्हा त्याच फरशीवर, त्याच पाढ्यांत. गुरुजींचं काम टीव्ही लावणं आणि बंद करणं. पोराने मध्येच हात वर केला तर अहमदाबादचं केंद्र काही थांबत नव्हतं. ३१ जुलै १९७६ ला ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. काही भागांत पुढे जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्रांवरून कार्यक्रम चालू ठेवले गेले, रायपूर त्यातलंच.

आता दुसरी गोष्ट. हिचा काळ तोच, राज्यही तेच, आणि ती आमच्या नर्मदेच्याच काठची. जबलपूरहून इटारसीच्या गाडीत बसलात की गाडरवाऱ्यानंतर बनखेडी लागतं. लहानसं स्टेशन. या बनखेडीजवळ 'किशोर भारती' नावाची संस्था होती, अनिल सद्गोपालांची. आणि होशंगाबादजवळ रसूलियाला 'फ्रेंड्स रूरल सेंटर'. या दोघांनी १९७२ साली जिल्ह्यातल्या १६ मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीला, विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टीत येऊन गुरुजींबरोबर जमिनीवर बसत. १९७८ मध्ये सरकारने कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलना लागू केला. १९८२ मध्ये त्यासाठीच 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. लोक याला 'होशंगाबाद विज्ञान' म्हणतात.

इथे तंत्रज्ञान म्हणजे एक लाकडी पेटी. आत भिंगं, चुंबकं, परीक्षानळ्या, लिटमस, तारा, दोरे. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला सामान. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकात उत्तरं दिलेली नसायची. प्रश्न आणि प्रयोग असायचे, निष्कर्ष मुलांनी काढून आपल्या वहीत लिहायचा. मुलांना काही विचारावंसं वाटलं तर 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्र टाकायचं, उत्तर येणार. वार्षिक परीक्षेत पुस्तक उघडून बघायला परवानगी आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट कुणाच्या भाषणात येत नाही. किटमधलं तुटलेलं, संपलेलं सामान दरवर्षी भरून देण्याची तरतूद कार्यक्रमातच केलेली होती. म्हणजे परीक्षानळी फुटणार हे आधीच धरलेलं. सरकारी शाळेत नोकरी केलेल्या माणसाला विचारा याचा अर्थ काय. आमच्याकडे वस्तू शाळेत आली की ती डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती फुटली, हरवली तर ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडून वसुली. साहेब तपासणीला आले की वस्तू मोजतात. ती कधी वापरली होती का, हे विचारत नाहीत. अशा वेळी शहाणा हेडमास्तर काय करेल? अलमारीत घालून कुलूप लावेल. मीही लावलं असतं.

टाटांच्या पुण्यातल्या टेल्कोत काम करणारे इंजिनियर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये याच होशंगाबाद विज्ञानात येऊन राहिले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार उभे केले. त्रिकोण दाबला तरी ढळत नाही, चौकोन लगेच कलतो, हे सहावीतल्या पोराच्या बोटांना दोन मिनिटांत कळतं. पुढे हेच गुप्ता पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कित्येक वर्षं मुलांसाठी खेळणी बनवत होते, आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील. आगपेटीची काडी रजिस्टरला चढत नाही. धूळपाटीशी तिचं नातं लागतं ते इथे.

१९८७ मध्ये केंद्र सरकारची 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' योजना आली. हेतू उत्तम होता. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि सामान: नकाशे, पृथ्वीगोल, तक्ते, विज्ञानाची पेटी, खेळणी, ढोलक-हार्मोनियमसारखी वाद्यंसुद्धा. मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतल्या शाळा हिंडले आहे. एका शाळेत पृथ्वीगोल पाहिला, त्याच्यावरचं प्लास्टिकचं आवरण तसंच. आलेल्या दिवसापासून काढलेलं नव्हतं. तिथल्या गुरुजींना मी विचारलं, "भाईसाब, ये बच्चों को दिखाते नहीं?" ते म्हणाले, "दिखाते हैं ना मैडम, दूर से।" हसू नका. त्या माणसाच्या पगारात त्या वेळी पृथ्वीगोल परवडणारा नव्हता.

महाराष्ट्रातल्या मंडळींना याच काळातली पुण्याची बालचित्रवाणी आठवत असेल. १९८४ ची स्थापना. इन्सॅट उपग्रहाचा जमाना आला तेव्हा मराठीत मुलांसाठी कार्यक्रम करणारी ही संस्था. २०१७ मध्ये ती बंद झाली. तिच्यावर स्वतंत्र बोलायला हवं, आज नको.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला २००० साली, 'हेडस्टार्ट' या नावाने. मध्य प्रदेश सरकारने पहिल्या टप्प्यात सहाशेहून अधिक जनशिक्षा केंद्रांत संगणक ठेवले. जनशिक्षा केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचं मध्यवर्ती ठिकाण, बहुधा एखादी मिडल स्कूल. धडे हिंदीत, खेळासारखे. कल्पना काळाच्या पुढची होती, हे मान्य करायलाच हवं. पण तो काळ आठवा. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. इकडे खेड्यांत दिवसाचे तासन् तास वीज नसे. २००३ ची विधानसभा निवडणूक तर 'बिजली, सडक, पानी' यावरच लढली गेली. अशा वेळी कॉम्प्युटरवर कापडाचं आवरण आणि खोलीला कुलूप, हे ओघानेच आलं. पुन्हा अलमारी, फक्त मोठी.

आणि आता जे सांगते त्याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. २००२ मध्ये त्याच सरकारने होशंगाबाद विज्ञान बंद केलं. तीस वर्षांत तो १६ शाळांवरून सुमारे १,००० शाळांपर्यंत आणि १५ जिल्ह्यांपर्यंत पोचला होता. राज्यभर एकच अभ्यासक्रम असावा, या आग्रहापुढे तो टिकला नाही. दोन वर्षांच्या आत एका दाराने संगणक आला आणि दुसऱ्या दाराने परीक्षानळी गेली. मी दोन्हीकडच्या बाजू ऐकल्या आहेत. मुलं स्पर्धेत मागे पडतील ही पालकांची धास्ती खोटी नव्हती. पण ज्या कार्यक्रमाने गुरुजींना वस्तू फोडायची मोकळीक दिली, तो मोडला आणि ज्याची किल्ली केंद्रप्रमुखाकडे होती तो पुढारलेला ठरला, हे मला पटत नाही.

या शतकातलं एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं घेते, कारण त्यात किल्ली वर्गाबाहेर गेली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. पालकाच्या फोनने कोड वाचला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापले गेले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. यात शाळेने एकही यंत्र रजिस्टरला चढवलेलं नव्हतं. फोन घरातला.

त्याच वर्षी शाळा बंद पडल्या आणि घरातल्या फोनची दुसरी बाजू दिसली. मध्य प्रदेशात आकाशवाणीवरून रेडिओ स्कूल सुरू झालं, व्हॉट्सअॅपच्या गटांवर धडे येऊ लागले. पण घरात फोन एक. तो सकाळी वडिलांच्या खिशात कामावर जायचा आणि रात्री परत यायचा, तेव्हा पहिलीतलं पोर झोपलेलं. मग आमच्याकडच्या कितीतरी गुरुजींनी काय केलं? ओसरीवर, पिंपळाच्या पारावर चार-पाच मुलं गोळा केली, मोहल्ला क्लास म्हणून. भिंतीवर कोळशाने बेरीज-वजाबाकी.

अलीकडे आमच्या राज्याने प्राथमिक शिक्षकांना टॅबलेट घ्यायला पैसे त्यांच्याच हाती दिले. मला ही पद्धत बरी वाटते. निदान वस्तू गुरुजींच्या पिशवीत राहते, अलमारीत जात नाही. वर्गात ती मुलांच्या हातात किती वेळ असते आणि ऑनलाइन माहिती भरण्यात किती वेळ जातो, हे मात्र ज्यांच्या गावात शाळा आहे त्यांनी जाऊन बघावं. सहज जा, तपासणीला आल्यासारखं नको. आणि बघताना काय आहे हे मोजू नका, काय झिजलंय ते बघा.

होशंगाबादच्या त्या उघड्या पुस्तकाच्या परीक्षेबद्दल आज दोनच वाक्यांत आटोपलं. प्रश्नपत्रिका कशी असायची आणि गुरुजी एकमेकांशी कशावरून भांडायचे, ते पुढच्या भागात.