मुंबईच्या पाण्याचा चुकलेला हिशेब



२६ जुलै २००५ म्हटलं की आपल्या घाटातल्या वाड्यांमध्ये कुणाला जास्त सांगावं लागत नाही. घरटी एक माणूस मुंबईला. कुणाचे मालक माथाडी, कुणाचा दीर वॉचमन, कुणाची नणंद कुर्ल्याला दिलेली. त्या रात्री वाडीतल्या एकुलत्या एका फोनपाशी बाया बसून होत्या आणि फोन काही लागत नव्हता. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा शाळेत होत्या, पण त्या रात्रीचे मोठ्यांचे चेहरे अजून आठवतात. आमच्या गटातल्या एका काकूंचे मालक दोन रात्री एका कारखान्याच्या माळ्यावर अडकले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, तेव्हा कुठे घरात चूल पेटली.

आज ही आठवण काढायला कारण आहे. आपल्या गावात गल्ल्या काँक्रीटच्या करायच्या आणि वाडीमागचा ओढा पाइपात घालून वरून रस्ता काढायचा, असा विषय ग्रामपंचायतीत आला आहे. आम्ही सगळ्या खूश होतो. चिखल जाणार, पोरं कोरड्या पायानं शाळेत जाणार. गटाच्या बैठकीत खालच्या आळीतल्या एक सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, पण पानी जानार कुठं?" त्यावर आम्हा कुणापाशीच उत्तर नव्हतं. मग आम्ही सहयोगिनींनी ठरवलं, की मुंबईचं पाणी का तुंबतं ते आधी नीट वाचायचं आणि मग आपल्या ओढ्याबद्दल बोलायचं. जे वाचलं ते आज तुम्हाला सांगतो.

मुंबई मुळात सात बेटांची. मधे खाड्या, दलदल आणि तिवरांची झाडं. भरती आली की समुद्र वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून आत शिरायचा आणि मधली सखल जमीन पाण्याखाली जायची. अठराव्या शतकात हॉर्नबी नावाचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात बांध घालून हे खिंडार बुजवलं. मागची जमीन उघडी पडली, भराव पडत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सात बेटांचा एक तुकडा झाला. पण भराव टाकला म्हणून सगळी जमीन सारख्या उंचीची होत नाही. बेटांच्या मधले भाग खोलगटच राहिले. परळजवळचा हिंदमाता चौक आजही बशीसारखा आहे. चारी बाजूंचं पाणी तिथे येऊन थांबतं.

याच इतिहासात एका बाईचं मोठं काम आहे. माहीम आणि वांद्रे यांच्या मधे खाडी होती. लोक होडीतून जायचे आणि पावसाळ्यात होड्या उलटायच्या. सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्या काळात केवढी मोठी रक्कम! या रस्त्यानं किती जीव वाचले असतील. पण याच ठिकाणी मिठी नदी समुद्राला मिळते. बांधरस्त्यानं नदीचं तोंड अरुंद झालं. अवाबाईंचा यात काहीच दोष नाही. रस्ता बांधताना माणसांची वाट बघितली जाते, पाण्याची वाट बघायचं राहून जातं, हे तेव्हापासून चालत आलं आहे.

मिठी नदी काही फार मोठी नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन ती निघते आणि साधारण अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. विहार तलाव १८६० साली शहराला पिण्याचं पाणी देण्यासाठी बांधला. पुढे या छोट्या नदीवर सगळ्यांनी हात मारला. विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला वाट काढावी लागली. काठाला कारखाने, भंगाराची गोदामं, झोपड्या आल्या. मुखाजवळच्या खाजणात तिवरं जाऊन वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. भरतीचं पाणी आणि पुराचं पाणी पसरायला जी जागा होती, ती गेली. झोपडीवाल्यांचं अतिक्रमण सगळ्यांना दिसतं. सरकारी शिक्का मारून टाकलेला भराव अतिक्रमण म्हणून कुणी मोजत नाही.

आता गटारांकडे येऊ. जुन्या शहरात इंग्रजांच्या काळातली विटांच्या कमानीची भुयारी गटारं आहेत, शंभर वर्षांहून जुनी. उपनगरांत बहुतेक उघडे नाले. गटार किती रुंद करायचं, हे ठरवायचा एक हिशेब असतो. १८५० च्या सुमारास आयर्लंडमधल्या मुलव्हानी नावाच्या इंजिनिअरनं तो मांडला आणि पुढे शहरांच्या गटारांसाठी जगभर वापरला गेला. हिशेब अगदी साधा आहे. तीन गोष्टींचा गुणाकार करायचा: पाऊस किती जोराचा, जमीन किती आणि पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा किती.

हा तिसरा आकडा आपल्याला शाळेत न जाताही कळतो. नांगरलेल्या रानात पाऊस पडला तर बराचसा मुरतो. शेणानं सारवलेल्या अंगणातून थोडा जास्त वाहतो. पत्र्यावर पडला तर सगळाच्या सगळा पागोळीला येतो.

मुंबईची गटारं ज्या हिशेबानं बांधली, त्यात धरलं होतं की तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातला अर्धा जमिनीत मुरेल. शिवाय हे सगळं ओहोटीच्या वेळी. आपल्या मापात सांगायचं तर एका गुंठ्यावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर पाणी, दोनशे लिटरची बारा-तेरा पिंपं. त्यातली सहा-साडेसहा पिंपं माती पिऊन टाकेल आणि तेवढीच गटाराला येतील, असा तो अंदाज.

जेव्हा वाड्या होत्या, भातखाचरं होती, अंगणं होती, तेव्हा हा अंदाज चालला. मग अंगणावर फरशी आली, खाचरांत इमारती आल्या, रस्ते डांबराचे आणि काँक्रीटचे झाले. मातीनं प्यायची ती सहा पिंपंही गटाराकडे धावू लागली. गटार मात्र तेवढंच राहिलं.

दुसरी अडचण समुद्राची. मुंबईचं पावसाचं पाणी १८६ तोंडांमधून समुद्रात आणि खाड्यांत पडतं. त्यातली ४५ तोंडं समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वर आहेत ती फक्त सहा. म्हणजे भरती आली की बाकीच्या तोंडांतून पाणी बाहेर पडणं अवघड होतं, उलट समुद्रच आत येऊ बघतो. आपल्या मोरीचं तोंड बाहेर भरलेल्या चरात बुडालं, तर मोरीतलं पाणी जसं घरात मागे येतं, तसंच.

१९८५ च्या पावसाळ्यात शहर बुडालं, तेव्हा महापालिकेनं एका सल्लागार कंपनीला सगळा निचरा तपासायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९९३ साली आला. ब्रिमस्टोवॅड हे त्याचं नाव. त्यांनी जुना हिशेब मोडला आणि सांगितलं, की तासाला २५ नाही, ५० मिलिमीटर पाऊस धरा. आणि काहीच मुरणार नाही असं धरा. गुंठ्यामागे जिथे गटाराला सव्वा हजार लिटर धरलं होतं, तिथे आता पाच हजार लिटर धरायचं. चौपट! शिवाय भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकायला आठ ठिकाणी पंपांची केंद्रं बांधायला सांगितली.

'काहीच मुरणार नाही' हे तीन शब्द वाचले तेव्हा आम्ही थांबलो. एका शहरात आता माती नाही असंच समजून चाला, ही गोष्ट त्या अहवालानं हिशेबाच्या एका आकड्यात लिहून टाकली होती.

अहवाल आला, पण त्यातली बरीचशी कामं पैशाअभावी मागे पडली. मधे बारा पावसाळे गेले आणि २६ जुलै उजाडला.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे तीन फुटांहून जास्त. सपाट जागेवर न मुरता, न वाहता राहिला असता तर कमरेएवढं पाणी झालं असतं. त्यातला बहुतेक पाऊस दुपारी अडीचनंतरच्या काही तासांत कोसळला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. एका टोकाला साधा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला प्रलय. कुर्ला, कलिना या भागांत पाणी घरांच्या पहिल्या मजल्याला लागलं. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. साऱ्या महाराष्ट्रात त्या दिवसांत हजाराच्या वर गेली. रायगडात महाडजवळची गावं दरडीखाली गेली, तेही याच दिवसांत.

एक गोष्ट खरी, की एवढा पाऊस कुठल्याच गटारात मावला नसता. ५० मिलिमीटरचं गटारही कमीच पडलं असतं. पण पाणी किती उंच चढलं, किती वेळ थांबलं आणि कुणाच्या घरात शिरलं, हे फक्त पावसानं ठरवलं नाही. नदी आवळली होती, तिवरं गेली होती, माती झाकली होती. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीनं २००६ साली दिलेल्या अहवालात मिठीची अडवलेली वाट, अपुरा निचरा आणि पाऊस मोजायची अपुरी साधनं, हे सगळं मांडलं.

त्यानंतर कामं हलली. २००७ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे बाराशे कोटी रुपये मंजूर केले. हाजी अली आणि इर्ला इथली पंपांची केंद्रं आधी झाली, मग बाकीची एकेक. शहरभर आपोआप पाऊस मोजणारी यंत्रं बसली, बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर. ती दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात. हिंदमाताला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथे धरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं.

आणि संगणकावर पुराचं गणित करायला सुरुवात झाली. २०२० च्या जूनमध्ये मुंबईसाठी 'आयफ्लोज' नावाची पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. नाव अवघड आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. रानात पाणी सोडायच्या आधी आपण मनात बघतो, की कुठला वाफा आधी भरेल, कुठे बांध फुटेल, शेवटच्या वाफ्याला किती वेळानं पोचेल. संगणकाला तेच सांगतात: प्रत्येक जागेची उंची, नाल्याची रुंदी आणि उतार, नदीचं पात्र, पाऊस आणि भरतीची वेळ. मग तो सांगतो, की कुठल्या गल्लीत किती फूट पाणी येईल.

त्याचं उत्तर खरं की खोटं, हे तपासायला शेवटी माणसांकडेच यावं लागतं. तज्ज्ञ मंडळी वस्तीत येऊन विचारतात, "भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं? किती वाजता चढलं? किती वेळानं उतरलं?" ही उत्तरं कुणाकडे असतात? घरात जी असते तिच्याकडे. कुठल्या पायरीला पाणी लागल्यावर पिठाचा डबा माळ्यावर टाकायचा, हे बाईला माहीत असतं. आणि नाल्यात कचरा भरला असेल तर ते संगणकाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच्या नकाशात नाला मोकळाच असतो.

मैत्रिणींनो, आता आपल्या ओढ्याकडे येऊ. काँक्रीटचा रस्ता नको, असं आमचं म्हणणं नाही. चिखलातून हंडे आम्हीच वाहिलेत. पण जो चुकलेला हिशेब मुंबईला इतका महाग पडला, तो आपण कोरा कागद असताना तरी नीट मांडू. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल, तिथे आम्ही तीन प्रश्न विचारणार आहोत. ओढ्याच्या पाइपाचं माप काढताना किती पाऊस धरला? त्यातला किती मुरेल असं धरलं? आणि वरच्या सगळ्या गल्ल्या काँक्रीटच्या झाल्यावरही तेवढाच मुरेल का? उत्तरं कागदावर द्या, असंही सांगणार आहोत. गल्लीच्या कडेला मातीचा पट्टा आणि घरटी शोषखड्डा ठेवता येईल का, तेही विचारू.

तोपर्यंत एक काम आपल्या हातातलं. खालच्या आळीत गेल्या पावसाळ्यात पाणी जिथवर आलं, तिथे भिंतीवर गेरूची रेघ ओढायला आम्ही सुरुवात केली आहे. गटाच्या वहीत तारीख, वेळ आणि पाणी किती पायऱ्या चढलं ते लिहितो. पहिली रेघ त्याच सासूबाईंच्या दारात ओढली. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली आणि म्हणाल्या, "हितवर आलं हुतं. लिव्हा."

तुमच्या वाडीतही लिहा.