शेवटची ओळ दोनदा

पांझरेच्या उत्तर तीरावर धुळ्याचे देवपूर आहे. तिथे मी काही मुलांना सी भाषा शिकवीत असे. एका मुलाने दहा गावांची यादी फाइलमध्ये लिहिली आणि ती वाचून दाखवणारा प्रोग्राम केला. गावे दहा, पडद्यावर ओळी अकरा! शेवटचे कापडणे दोनदा. पोरगा म्हणाला, "सर, मशीनच चुकतंय."

त्याने लिहिले होते : फाइल संपली नाही तोवर ओळ वाच आणि छाप. वाक्य बिनचूक. पण सी भाषेत 'संपली' म्हणजे काय? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत, फाइल संपली का असे विचारले की ती पुढे डोकावून उत्तर देते. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सी रचली ती युनिक्ससाठी. युनिक्समध्ये चकतीवरची फाइल आणि माणूस टंकतो ते यंत्र, दोन्ही एकाच रीतीने वाचतात. आता टंकणारा पुढे लिहिणार की उठणार, हे आधी कसे कळावे? वाचायला जावे; हाती काही आले नाही म्हणजे संपले. पोहरा सोडल्याशिवाय विहीर आटली की नाही कळत नाही, तसे.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या पोथ्या जपल्या आहेत. पोथीच्या शेवटी लेखक 'समाप्त' लिहून वाचकाची सोय करी. सीच्या फाइलीत असे अक्षर नसते. शिक्षकबंधूंनो, ते असते असे आपण वर्गात सांगून टाकतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

दहावी ओळ वाचली तरी शेवट अजून कुणाला लागलेला नव्हता. अकराव्या फेरीत वाचणारा रिकाम्या हाताने परतला. साठवणीत जुने कापडणेच पडलेले. तेच पुन्हा छापले गेले. गंमत अशी की, शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबले नसते तर दोष दिसलाच नसता, कारण ती ओळ वाचतानाच शेवट लागला असता. शेजारच्या मुलाने एंटर दाबले नव्हते. त्याचा तोच प्रोग्राम नीट चालायचा, आणि दोघांचे त्यावरून भांडण जुंपले होते!

ब्रायन कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात, अक्षरांची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम आहे. त्यात वाचणे आणि तपासणे एकाच दमात होते : अक्षर मिळाले तरच पुढे. 'संपली का' हे विचारायचे ते वाचन थांबल्यावर, फाइल संपली की चकतीत बिघाड निघाला हे ओळखण्यासाठी.

मुलाने ओळ मिळाली तरच छाप असा बदल केला. कापडणे एकदाच आले.