कोपी ते वाढतं घर

आजचा विषय शहरातल्या घरांचा, आणि आम्ही बोलतोय अंकुशनगरात, म्हणजे अंबड तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या गावात. तुम्ही म्हणाल, इथे शहराचं काय? सांगतो.

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. सोबत बांबू, चटया, ताडपत्री. अर्ध्या दिवसात कोपी उभी राहते, आणि हंगाम संपला की तीच सोडून, बांधून पुढे नेतात. सुटे भाग जोडून उभं करायचं घर, ज्याला आज ‘मॉड्युलर’ म्हणतात, ते आपल्याकडे जुनंच आहे. पण कोपीला संडास नाही, नळ नाही आणि खालची जमीन आपली नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं बांधली तरी तिचं घर होत नाही. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं मुंबई-पुण्याला गेली. तिथल्या झोपड्याही अशाच उभ्या राहिल्या. फरक इतकाच, की त्या हलल्या नाहीत. पत्र्याची भिंत गेली, विटेची आली. पैसे येतील तसं घर वाढत गेलं.

या वाढण्याची दखल नियोजनाने कधी घेतली? एक ठळक उदाहरण बेलापूरचं. सिडकोची स्थापना १९७० सालची. नवी मुंबईच्या आखणीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया सुरुवातीपासून होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूरला एक वसाहत उभी केली. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, आणि असे तीन गट मिळून एका मोठ्या अंगणाभोवती. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. उत्पन्नात मोठी तफावत असली तरी जमिनीत फारशी ठेवली नाही, हे महत्त्वाचं. शेजाऱ्याशी सामाईक भिंतही नव्हती, त्यामुळे कुणाला न विचारता खोली वाढवता यायची. बांधकाम असं, की गावचा गवंडीही करू शकेल.

आता तिथे गेलात तर बऱ्याच मूळ घरांच्या जागी सिमेंटचे बंगले दिसतील. काहीजण याला योजनेचं अपयश म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. घर वाढवायची मुभा दिली होती, लोकांनी ती वापरली. मात्र ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनीच जास्त वापरली, हेही खरं.

दुसरं उदाहरण पुण्याच्या येरवड्याचं. केंद्राच्या २००५च्या नागरी योजनेतून, २००९च्या सुमारास तिथल्या वस्त्यांत काम सुरू झालं. स्पार्क आणि महिला मिलन यांनी कुटुंबांना सोबत घेतलं. पक्की घरं तशीच ठेवली आणि फक्त कच्ची पाडून नवी बांधली, तीही शक्यतो जुन्याच जागी. घर २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फूट. खर्चाचा दहा टक्के वाटा कुटुंबाचा. नमुने तीन: एकात वर मजला चढवायची सोय, एकात तळमजला मोकळा, एकात मधला. त्या मोकळ्या जागेत पुढे दुकान काढा नाहीतर खोली घ्या. लिफ्ट नाही, म्हणजे तिचं वीजबिल आणि देखभालही नाही. आणि शेजारी शेजारीच राहिले.

याच्या उलट, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या उंच इमारतीत घर पक्कं मिळतं, पण एक वीटही वाढवता येत नाही.

तर या इतिहासातून आम्ही एवढंच घेतो. भाग कारखान्यात तयार झाले की हातांनी बांधले, हा प्रश्न दुय्यम आहे. उद्या जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात एखादी घरकुल योजना आली तर आराखडा बघताना तीन गोष्टी विचारा. जागेवर हक्क कुणाचा? मुलगा मोठा झाल्यावर खोली कुठे काढायची? आणि म्हाताऱ्या आईला दारात बसता येईल का? हे प्रश्न विचारताना कोपीत राहणारी माणसंही बैठकीला हवीत, कारण घर जोडायचं कसं हे त्यांना आपल्याहून चांगलं कळतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.