हाक आणि सांधा

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळांच्या निकालपत्रकांसाठी त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती ‘जीपीएल’ परवान्याखालील एका प्रोग्रामला हाक मारून त्याच्याकडून काम करून घेई. “सर, आता माझे लेखनही जगापुढे उघडे करावे लागेल का?” त्याचा चेहरा उतरलेला होता. मी त्याला एक जुनी हकीकत सांगितली.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली हा परवाना काढला. कॉपीराइटचाच आधार घेऊन त्यांनी उलटा डाव टाकला: प्रोग्राम कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा, मात्र त्यावर आधारलेली कृती दुसऱ्यास देताना तिची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, त्याच अटींवर द्यावी. हेच कॉपीलेफ्ट. पण ‘आधारलेली’ म्हणजे नेमकी कोणती?

१९९२ साली हाच प्रश्न ‘सीलिस्प’ या प्रोग्रामवरून उभा राहिला. त्याचे एक कर्ते, जर्मनीतील ब्रूनो हाइब्ले, यांनी त्यात जीपीएलखालील ‘रीडलाइन’ या लायब्ररीची सोय ठेवली होती. टंकलेल्या ओळीत मागेपुढे जाऊन दुरुस्ती करता येई, ती तिच्यामुळे. दोन्ही भाग वेगळे दिले आणि शेवटचा सांधा वापरणाऱ्याने जुळविला, तर आपणास अट लागू नये, असे हाइब्ले यांचे म्हणणे. स्टॉलमन यांना ते मान्य नव्हते. जोडून एकच होणारी वस्तू दोन पुड्यांत बांधल्याने दोन होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ. कोर्टाची पायरी न चढता, पत्रव्यवहारातूनच वाद मिटला. हाइब्ले यांनी सीलिस्पच जीपीएलखाली आणला.

“तुझे तसे नाही,” मी म्हणालो. “तू सांधा जुळविला नाहीस, हाक मारलीस. गिरणीवर दळून आणले म्हणून आपली भाकरी गिरणीवाल्याची होत नाही.” आज्ञा देऊन किंवा पाइपमधून मजकूर पाठवून काम करून घेणारे प्रोग्राम सामान्यतः स्वतंत्रच, असे परवाना सांभाळणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही म्हणते. देवघेव फारच आतल्या गाठीची असेल, तर मात्र विचार करावा लागतो.

त्याचा जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणाला, “तो प्रोग्रामही पेनड्राइव्हवर घालून चार शाळांना दिला आहे.”

“त्याची संहिता दिलीस? निदान ती देण्याचे लेखी वचन?”

तो गप्प झाला. स्वतःचे लेखन वाचविण्याच्या काळजीत दुसऱ्याचे द्यावयाचे राहूनच गेले होते. चारही शाळांची नावे मी त्याला तिथेच कागदावर लिहावयास लावली.